देवनागरीचे मुक्त मुद्राक्षर : एक परामर्श

चेंबूरच्या दक्षिणेस, एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या आणि दुसऱ्या अंगाला खाडीची दलदल अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या माहुलमध्ये मराठी अक्षराच्या आजच्या अवस्थेचे जितके थर एकाच फेरफटक्यात दृष्टीस पडतात, तितके मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही वस्तीत क्वचितच पडत असतील. कोळीवाड्यातील होड्यांच्या नाळेवर रंगाऱ्याने कुंचल्याने काढलेली नावे आहेत. कारखान्यांच्या कुंपणावर धोक्याची सूचना देणारी, पत्र्यावर रंगवलेली जाड अक्षरे आहेत. प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या 72 इमारतींच्या वसाहतीत नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स आहेत. आणि त्याच वसाहतीत, पाण्याच्या तक्रारीपासून न्यायालयातील तारखेपर्यंतचा सारा मजकूर ज्यावरून घरोघर फिरतो त्या मोबाइलच्या काचेवर, कोणी रंगवलेली नाहीत, कोणी विकतही घेतलेली नाहीत, अशी देवनागरी अक्षरे आहेत. या शेवटच्या अक्षरांचा विचार मला येथे करावयाचा आहे, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी लेखनाच्या बाह्यरूपात जी क्रांती घडली ती मुख्यत्वे त्यांनी घडविली, आणि तरीही नाटक, चित्र वा संगीत यांची जशी समीक्षा होते तशी त्यांची समीक्षा मराठीत झालेली नाही.

फ्लेक्सवरचे अक्षर आणि मोबाइलवरचे अक्षर यांतील भेद डोळ्यांना कळत नाही, पण तो मूलगामी आहे. फ्लेक्स बनविणारा कारागीर आजही बहुधा ज्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत काम करतो, त्यांत यंत्राच्या लेखी मराठी मजकूर मुळी नसतोच. तेथे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात आणि आपण वाचतो ती केवळ त्या तुकड्यांची मांडणी असते. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या क्रमाने बसविले, त्यामुळे एका फॉन्टात जुळविलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टात उघडताच त्याचा अर्थहीन चिवडा होई. शासनाच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे असेच कागद तयार झाले. आणि पुढे शासनाने युनिकोड या जागतिक संकेताच्या वापराचे हुकूम काढले तरी आधीच्या दफ्तराचा मोठा भाग त्याच अवस्थेत पडून राहिला. प्रदूषणासंबंधी वा पुनर्वसनासंबंधी एखादा ठराव वसाहतीतल्या एखाद्या नागरिकास शोधावयाचा असेल, आणि तो ठराव अशा जुन्या फॉन्टातील असेल, तर त्याने ‘माहुल’ हा शब्द कितीही वेळा टंकित केला तरी यंत्रास तो सापडणार नाही. मोबाइलवरच्या अक्षराचे तसे नाही. ते युनिकोडने बांधलेले असल्यामुळे शोधता येते, क्रमाने लावता येते, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखविता येते. अक्षराच्या सौंदर्याचा विचार त्याच्या या नागरी योग्यतेपासून वेगळा काढता येतो असे मला वाटत नाही, आणि पुढील सर्व विवेचनात मी हे दोन्ही निकष एकत्रच वापरले आहेत.

थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. जावजी दादाजी चौधरी यांनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्यांच्या खिळ्यांनी देवनागरीच्या छापील रूपाचा असा मानदंड घालून दिला की, पुढील दोन पिढ्यांतील संस्कृत आणि मराठी वाचकांच्या मनात ‘सुंदर छपाई’ म्हणजे निर्णयसागरी छपाई हे समीकरण पक्के झाले. बोरूच्या तिरप्या कापातून उपजणारा जाड-बारीक रेषांचा खेळ त्या अक्षरांत होता. शिरोरेषा भक्कम, पण पोटातील पोकळी मोकळी. मात्र या वैभवाची किंमत जुळाऱ्याला मोजावी लागे. रोमनसाठी जेथे शंभराच्या आसपास खाने पुरत, तेथे देवनागरीच्या केसेसमध्ये जोडाक्षरांसह काही शे खाने लागत. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, टंकलेखनयंत्र आणि यांत्रिक जुळणी दारात येऊन उभी राहिली तेव्हा, विचारवंतांनी लिपीलाच नमते घ्यावयास सांगितले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी स्वरांसाठी अ-लाच वेलांट्या-मात्रा लावणाऱ्या अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला, ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती छापून दाखविली, जोडाक्षरे मोडून हलन्त करण्याच्या सूचना आल्या. या मंडळींची तळमळ खरी होती आणि त्यांच्यासमोरची अडचणही खरी होती. परंतु त्या सर्व चर्चेत एक गृहीत होते की, यंत्र बदलणार नाही, बदलावयाचे ते अक्षराने. हे गृहीत पुढे खोटे ठरले, आणि ज्यांनी ते खोटे ठरविले त्यांपैकी फार मोठ्या वर्गाने आपले काम कोणत्याही मालकी हक्काविना जगाच्या स्वाधीन केले.

मराठी माणसास या कथेचा आरंभ मुंबईच्या उपनगरातच सापडेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीतून निघालेले आणि 1985 साली स्वतंत्र संस्था झालेले, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, हे भारतातील संगणकजाळ्याच्या आद्य घटकांपैकी एक होते. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करून र. कृ. जोशी एनसीएसटीत आले. ते कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरातक्षेत्रात नाव मिळविलेले होते. परंतु भारतीय लिप्यांच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरले ते संगणकासाठी त्यांनी आखलेल्या अक्षरांमुळे. विंडोज 2000 या प्रणालीसोबत आलेला ‘मंगल’ हा त्यांचा. एका व्यापारी कंपनीच्या मालकीचा तो फॉन्ट. आणि त्याच जोशींनी एनसीएसटीत सहकाऱ्यांसह ‘रघु’ या नावाने जे फॉन्ट केले, हिंदीसाठी आणि मल्याळमसाठीही, ते मुक्त परवान्याखाली, म्हणजे वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा हक्क सर्वांना देणाऱ्या सनदेखाली प्रसिद्ध झाले. एकाच हाताने आखलेली ही दोन कुळे शेजारी ठेवून पाहावीत. ‘मंगल’ पडद्याच्या विरळ ठिपक्यांवर वाचनीय राहावा म्हणून काहीसा सावध, ताठ बसतो; ‘रघु’त लेखणीची चाल अधिक उतरली आहे. परंतु ‘मंगल’ कोट्यवधी यंत्रांवर पोहोचला आणि ‘रघु’ लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या मोजक्यांपुरता राहिला. 2008 साली जोशी निवर्तले. त्यांच्या कार्याचे साकल्याने मूल्यमापन करणारा एखादा मराठी ग्रंथ व्हावा ही इच्छा मी येथे नोंदवून ठेवतो.

फॉन्ट हा अर्धाच भाग असतो. ‘माहुल’ या शब्दातील ह-ला खालून उकार नेमका कोठे लागावा, ‘किनारा’तील वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी कशी यावी, ‘कर्म’मधील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर कसा चढावा, हे ठरविणारी एक वेगळी प्रणाली लागते, ती नसेल तर निर्णयसागरचे खिळेही पडद्यावर विस्कळीत पडतील. आज ही कामगिरी जगभर मुख्यतः ‘हार्फबझ’ या मुक्त प्रणालीकडे आहे. मूळचे इराणचे बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. अँड्रॉइडचे फोन, क्रोम आणि फायरफॉक्स हे न्याहाळक, लिबरऑफिस, हे सर्व तिच्यावर विसंबून आहेत. अरबी वळणाची लिपी ज्याच्या बोटांत होती अशा माणसाने लिहिलेल्या या प्रणालीत अक्षरे एकमेकांना बिलगतात, जागा बदलतात, रूप पालटतात, हे अपवाद म्हणून मानलेले नाही; तोच तेथील नियम आहे. जे गृहीत आपल्या सुधारकांना ओलांडता आले नव्हते, ते येथे सहज ओलांडले गेले: यंत्राने लिपीप्रमाणे वागावयाचे. माहुलच्या एखाद्या कोळिणीने आपल्या नातीला पाठविलेला दोन ओळींचा निरोप बिनचूक उमटतो त्यामागे हे निःशुल्क आणि निगुतीने केलेले काम उभे आहे.

मराठी भूमीवर या काळात जे झाले त्याचा आढावा कृतज्ञतेने घ्यावयास हवा, पण समीक्षकाची नजर मिटून नव्हे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील जितेंद्र शाह आणि त्यांचे इंडिकट्रान्स मंडळ यांच्या परिश्रमांतून ‘गार्गी’ हा फॉन्ट आला. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनी ज्याची दीर्घकाळ निगा राखली तो ‘लोहित’ 2004 साली मुक्त झाला. अक्षरकलेच्या कसोटीवर या दोहोंना मी वरचा दर्जा देणार नाही. ‘गार्गी’च्या रेषांत जाडीचा मेळ सर्वत्र साधत नाही, आणि ‘लोहित’ पाठ्यपुस्तकी, निर्विकार आहे. त्यात पाने वाचली तर ती वाचून होतात, आठवणीत राहत नाहीत. परंतु त्या काळी या फॉन्टांनी जी पोकळी भरली ती भरली नसती, तर लिनक्सवर मराठी क्वचितच उमटली असती, आणि पुढच्या पिढीतील कलावंतांना दुरुस्त करावयास, विरोध करावयास काहीच मिळाले नसते. पायाभरणीचे काम करणाऱ्यांना शोभेचे श्रेय मिळत नाही, हे खरे. पण ‘लोहित’ची नंतर जी दुसरी आवृत्ती निघाली तीत अक्षरजोडणीचे नियम नव्याने, स्वच्छपणे, इतरांना वाचून शिकता येतील असे लिहिले गेले, आणि या गोष्टीचे मोल एखाद्या देखण्या फॉन्टाहून मी कमी मानीत नाही.

खरा बहर आला तो 2013 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. गुगलने आपल्या मुक्त फॉन्टांच्या संग्रहासाठी भारतीय लिप्यांतील अक्षरे करवून घ्यावयास आरंभ केला आणि ज्या कलेला आजवर छापखान्यांचे व वृत्तपत्रांचे गिऱ्हाईक होते तिला एकाएकी मोठा आश्रयदाता लाभला. सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये आणि गिरीश दळवी यांची मुंबईतील ‘एक टाइप’ ही संस्था या काळातील मराठी अक्षरकलेची प्रमुख प्रतिनिधी म्हणावी लागेल. त्यांच्या ‘मोदक’मध्ये काळ्या रंगाने अक्षराचे पोट इतके भरून टाकले आहे की, आतील पोकळी केवळ चिरेसारखी उरते, आणि तरीही क, फ, झ यांची ओळख पुसत नाही, देवनागरी किती वजन सोसू शकते याचा हा प्रयोग आहे आणि तो निर्विवाद यशस्वी आहे. ‘बालू’ हा गोलसर, प्रसन्न फॉन्ट नऊ भारतीय लिप्यांत आला व प्रत्येक लिपीत त्याने तेथले नाव घेतले. आज दुधाच्या पिशवीपासून बालवाडीच्या फलकापर्यंत त्याचे वळण दिसते, आणि इतक्या ठिकाणी दिसल्यामुळे त्याच्या प्रसन्नतेचा थोडा कंटाळाही येऊ लागला आहे, हा दोष त्याचा नव्हे. ‘मुक्ता’ सात वजनांतील, संयत, जवळजवळ एकाच जाडीच्या रेषेचा. पडद्यावरच्या मराठी गद्याला गेल्या दशकात त्याच्याइतकी सेवा दुसऱ्या कोणी दिली असेल असे मला वाटत नाही. आणि 2022 चा ‘अनेक’, ज्यात दहा लिप्यांची अक्षरे जाडीने आणि रुंदीने अखंडपणे ताणता-आवळता येतात, तो तर तांत्रिक साहसाच्या दृष्टीने जगातील कोणत्याही लिपीच्या समकालीन कार्याशेजारी मानाने बसेल.

या सर्वांत मला विशेष प्रिय आहे ती एक लहान कृती. कॅथरीन ली श्मिट या डिझायनर बाईंनी मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरील हातरंगी फलकांवरून ‘यात्रा वन’ हा फॉन्ट केला. ज्यांनी हार्बर मार्गावर कुर्ला, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द ही नावे पिवळ्या फलकांवर वाचीत आयुष्य काढले, त्यांना त्या अक्षरांतील रुंद, ठाम फटकारा ओळखावयास क्षणही लागणार नाही. रेल्वेच्या कारखान्यातील नाव न ठेवून गेलेल्या रंगाऱ्यांची कला येथे कायमच्या रूपात जतन झाली, आणि तीही अशा परवान्याखाली की, त्या रंगाऱ्यांची नातवंडे ती विनाशुल्क वापरू शकतील. हे काम आपल्यातल्या कोणाला आधी का सुचले नाही, असा प्रश्न पडतो. होड्यांवरची अक्षरे, ट्रकच्या पाठीवरची अक्षरे, नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांचे अक्षरांकन, ही सर्व मौलिक मालमत्ता आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि तिचा मुक्त मुद्राक्षरांत उतारा करण्याचे काम अजून हाती घ्यावयाचे आहे.

येथून माझी तक्रार सुरू होते. या बहराचे नीट निरीक्षण केले तर त्यात एक ठळक एकारलेपण दिसते: बहुसंख्य मुक्त फॉन्ट एकाच जाडीच्या रेषेचे आहेत. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत रेषा जेथे वळते तेथे बारीक होते, आणि त्या चढउतारानेच डोळा ओळीवरून पुढे सरकतो; ‘पॉपिन्स’सारख्या भूमितीच्या वर्तुळांवर आखलेल्या फॉन्टात रोमन अक्षरे शोभतात, पण क आणि ळ ही आपली लयदार अक्षरे तेथे कंपासाने काढल्यासारखी आखडतात. याची कारणे उघड आहेत. पडदे आरंभी विरळ ठिपक्यांचे होते, बारीक रेषा त्यांवर तुटत. शिवाय मागणी करणाऱ्यांची अट असे की, देवनागरी शेजारच्या रोमनशी जुळती असावी, आणि रोमनमधील तत्कालीन रूढी तशी होती. पहिले कारण आता उरलेले नाही, कारण स्वस्तातल्या मोबाइलचा पडदाही आज बारीक रेषा न तुटण्याइतका सूक्ष्म झाला आहे. दुसरे मात्र आश्रयदात्याच्या अभिरुचीचे कारण आहे, आणि जी कला एकाच आश्रयावर वाढते तिला त्या आश्रयाची अभिरुची कळत-नकळत स्वीकारावी लागते.

लांब पल्ल्याचे गद्य, कादंबरी, इतिहासग्रंथ, संशोधनपर लेख, ज्यात वाचावा असे मुक्त अक्षर शोधू गेल्यास हाताशी फार थोडे लागते. जे लागते त्यात राज्य मराठी विकास संस्थेसाठी पवईच्या अभिकल्प केंद्रात आखलेला ‘यशोमुद्रा’ हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. शासकीय पैशातून झालेले काम लोकांना मुक्त परवान्याने परत मिळावे, हे तत्त्व त्यात आचरणात आले, आणि त्याचा सुपरिणाम लगेच दिसला: आयआयटी मुंबईतील विद्वानांनी त्याच्याच देवनागरीवर ‘शोभिका’ हा संस्कृत ग्रंथसंपादनासाठी उपयुक्त असा फॉन्ट उभारला, ज्यात दुर्मिळ जोडाक्षरेही मिळतात. एकाने पाया घालावा, दुसऱ्याने परवानगीसाठी अर्ज न करता त्यावर मजला चढवावा, ही मुक्त परवान्याची खरी फलश्रुती आहे. दुसरे उदाहरण कॅनडातील टायरो टाइपवर्क्सचे. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांनी मूर्ती अभिजात ग्रंथमालेसाठी घडविलेल्या अक्षरांतून हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. ‘टायरो देवनागरी मराठी’ मोठ्या आकारात पाहावा: जाड-बारीक रेषांचा जुना खेळ तेथे परत आला आहे, आणि ल व श मराठी वळणाचे आहेत.

हा ल आणि श यांचा प्रश्न क्षुल्लक नाही. मराठी शाळेत मूल पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श गिरवते, राज्य शासनाने 2022 च्या नोव्हेंबरातील निर्णयाने तीच रूपे पुन्हा प्रमाण ठरविली. परंतु बहुतेक फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचे असते आणि मराठी रूप आत दडलेले असते. मजकूर मराठी आहे अशी नोंद त्याच्यासोबत असेल तरच ते बाहेर येते. ज्याने आपल्या फोनची भाषा इंग्रजी ठेवली आहे, आणि आपल्याकडे असे लोक पुष्कळ आहेत, त्यास दोन्ही अक्षरे आयुष्यभर परक्या वळणात वाचावी लागतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद राखणारा अर्धा र अजूनही कित्येक फॉन्टांत जाड, बेढब डोळ्यासारखा बसविलेला आढळतो, आणि कित्येक कळफलकांवर तो कसा काढावा हे पदवीधरांनाही उमजत नाही. ‘ॲसिड’, ‘ॲप’ यांचा आरंभीचा ॲ तर युनिकोडमध्ये 2008 साली दाखल झाला. तोवर अ-वर चंद्र देण्याची रीतसर सोयच नव्हती. या गोष्टी दुरुस्त करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मुक्त फॉन्टाची मूळ आरेखने सर्वांसाठी खुली आहेत. दोष दाखविण्याची, सुधारणा पाठविण्याची वाट खुली आहे. जो समाज वर्तमानपत्रातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीवर संपादकास आवेशाने पत्र लिहितो, त्याने अर्ध्या र-च्या आकृतीबद्दल असे पत्र फारसे लिहिलेले नाही.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात ही उणीव सर्वाधिक जाणवते, आणि त्या क्षेत्राकडे अक्षरांच्या प्रश्नातून पाहण्याची सवय आपल्याला नाही म्हणून ते येथे घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. बहीण आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेते, विष्णू आणि दुर्गा तिची कथा सांगतात, भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्या यांतून पुराणकथा उलगडतात. महाराष्ट्रात तयार झालेली, कलाकृती म्हणून गंभीरपणे विचारात घ्यावी अशी या प्रकारातील ही पहिली मोठी निर्मिती होय असे माझे मत आहे. तीतील स्थापत्याचे आणि प्रकाशाचे चित्रण असामान्य आहे. युद्धप्रसंग पुढे पुढे तोच तो फेरा घेऊ लागतात. तिचे निवेदन मात्र प्रथम इंग्रजीत आले आणि नंतरच्या आवृत्तीत हिंदीत. बाजाराचा हिशेब पाहता संस्थेस मी दोष देत नाही. परंतु खेळांत मराठी न दिसण्याचे दुसरे, कमी परिचित कारण तांत्रिक होते. रोमन अक्षर आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच अशा चौकटीत बसते आणि जगातील आरंभीचे पुष्कळ खेळ त्या चौकटीवर उभे राहिले; वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर मागणारी देवनागरी तिच्यात मावतच नाही. पुढे पडदे सुधारले तरी लहान खेळ करणाऱ्यांत सर्वाधिक चालणाऱ्या युनिटीसारख्या खेळ रचण्याच्या इंजिनात कित्येक वर्षे जोडाक्षरे आपोआप जुळत नसत. वेलांटी चुकीच्या बाजूला पडे आणि मराठीत खेळ करू पाहणारा होतकरू तरुण पहिल्याच वाक्यावर हात टेकी.

ही भिंत पाडली ती अर्जेंटिनात जन्मलेल्या ‘गोडो’ या मुक्त इंजिनाने. 2014 साली ते जगास खुले झाले, आणि 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझच्याच आधाराने सर्व लिप्यांची जोडणी त्यात आली. आता चेंबूर वा मुलुंडमधील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलीस, एका पैशाचाही परवाना न घेता, माहुलच्या खाडीवरील भरती-ओहोटी, फ्लेमिंगो, जाळी आणि तेलाचा तवंग यांवर संपूर्ण मराठी खेळ रचता येईल; ‘मुक्ता’ वा ‘यात्रा वन’ त्यात बसविता येईल. साहित्यात प्रादेशिकतेला जे स्थान मिळाले ते खेळांतही मिळू शकते. साधने सिद्ध आहेत. लेखक, चित्रकार आणि प्रोग्रामर यांनी एकत्र बसून काम करण्याची जी वहिवाट चित्रपटात पडली तेवढीच येथे पडावयाची आहे.

तशी वहिवाट दुसऱ्या एका राज्यात पडली आहे. केरळमध्ये 1971 च्या शासकीय लिपीसुधारणेने टंकलेखनयंत्रासाठी मल्याळम जोडाक्षरे तोडली. 1999 मध्ये ‘रचना’ चळवळीने ती परत आणण्याचा संकल्प केला, 2002 पासून ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या मंडळाने त्या कार्यास मुक्त प्रणालीचे बळ दिले, आणि संतोष तोट्टिंगल यांच्या ‘मंजरी’सारखे फॉन्ट त्यातून निघाले. अक्षर आखणारा, प्रणाली लिहिणारा, भाषेचा अभ्यासक आणि सामान्य वाचक यांची तेथे एकच पंगत बसते. आपल्याकडे व्यक्ती आहेत, उत्तम संस्थाही आहेत. माहुलपासून हाकेच्या अंतरावर, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे नागार्जुन जी. यांनी मुक्त प्रणालीचा पुरस्कार आणि प्रत्यक्ष निर्मिती दीर्घकाळ केली. पवईला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून मुक्त प्रणालींचे पाठ मराठीतही मिळतात. परंतु या सर्वांना सांधणारे, निगा राखणारे, प्रकल्पाचा निधी संपल्यावरही जागे राहणारे असे मंडळ मराठीत उभे राहिले नाही. फॉन्ट प्रसिद्ध होतो, समारंभ होतो, आणि नंतर एखादे जोडाक्षर बिघडलेले आढळले तर ते दुरुस्त करावयाचे कोणी, हे ठरलेले नसते. मराठी साहित्य परिषदा, वाचनालये, मुद्रकांच्या संघटना यांनी आपल्या वार्षिक खर्चात या निगराणीसाठी अल्पशी तरतूद केली तरी चित्र पालटेल, अशी माझी खात्री आहे.

मोडीचा प्रश्न याच निगराणीच्या अभावाचा सर्वांत कठोर नमुना आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ज्या लिपीतील कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत, तिला 2014 साली युनिकोडच्या 7.0 या आवृत्तीत स्थान मिळाले. गुगलच्या ‘नोटो’ मालेतील एक मोडी फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे आणि त्याने निदान लिहिण्याची सोय झाली. पण मोडी म्हणजे शिरोरेषा आधी आखून, हात न उचलता, कारकुनाच्या वेगाने धावणारी लेखणी. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणे एकमेकांपासून इतकी भिन्न की, एक वाचणाऱ्यास दुसरे अडते. या प्रत्येक वळणाचा स्वतंत्र मुक्त फॉन्ट हवा, ज्यात अक्षरे शेजारच्या अक्षराप्रमाणे खरोखर रूप बदलतील. हार्फबझला ते करता येते, नियम लिहून द्यावे लागतील. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणातून आपले सुलेखन समृद्ध केले, तेव्हा रेषेची जाण आपल्याकडे आहे. दफ्तरखान्यांतील निवडक पत्रांची स्वच्छ छायाचित्रे खुली करावीत, मोडीच्या वर्गांतील जाणत्यांनी त्यांतील एकेका अक्षराची रूपे वेचून द्यावीत, आणि पवईच्या वा जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ती आखावीत. आरंभासाठी पेशवाईतील एकाच चिटणिसाच्या हातची शंभर पत्रे घेतली तरी पुरे होतील.